ड्रॅगन, बैठका आणि सासूबाईंचा नेम

व्यायाम मला कधी आवडला नाही आणि आजही आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून 'बघा, खेळता खेळता हिला व्यायामाची गोडी लागली' असा कोणाचा समज व्हायला नको. गोडी लागली ती एका ड्रॅगनला हरवायची. तो बैठका मारल्याशिवाय हरत नाही, एवढाच माझा आणि व्यायामाचा संबंध.

सुरुवात रक्ततपासणीच्या रिपोर्टपासून झाली. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ती एचबीए१सी की काय, ती ६.१ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी नेहमीचंच सांगितलं, रोज अर्धा तास चाला आणि आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना ताण पडेल असं काही करा. सांगायला सोपं. मी बँकेत, घरी यायला साडेसात वाजतात. पुण्यात टेकडी आहे, पण पावसाळ्यात ती निसरडी आणि अंधार पडल्यावर एकटीने जायला नको वाटते. सकाळी डबे. जिमची वर्षाची फी एकदा भरून झाली होती. आमच्या कोथरूडात निम्म्या लोकांनी ती भरलेली असते, जिमवाल्यांचं पोट त्यावरच चालतं.

मुलगा इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर गेला आणि जाताना टीव्हीला लावून गेम खेळायचा त्याचा निन्टेन्डो स्विच घरी ठेवून गेला. (मी ठेवायला लावला. पहिल्या सेमिस्टरची धास्ती.) टीव्हीखाली धूळ खात पडलेलं ते यंत्र बघून माझी न्यू जर्सीची नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, त्यावर व्यायामाचा गेम आहे, मी येताना घेऊन येते." ती या बाबतीतली जुनी खेळाडू. २००७ च्या शेवटी निन्टेन्डोने वी नावाच्या आपल्या तेव्हाच्या गेमयंत्रासाठी वी फिट काढलं, ते तिने घेतलं होतं. त्यासोबत वजनकाट्यासारखी दिसणारी एक पांढरी फळी यायची. फळीच्या पोटात दाब मोजणारे चार सेन्सर, त्यामुळे तुम्ही कुठल्या पायावर जास्त भार टाकता ते पडद्यावर दिसायचं. नणंदेला त्यातलं एकच आठवतं, पहिल्याच दिवशी त्या फळीने तिला जाड ठरवलं होतं.

आपल्याकडे निन्टेन्डोचं अधिकृत दुकान नाही, त्यामुळे हे सगळं एक तर असं कोणाच्या तरी बॅगेतून येतं किंवा परदेशी माल आणून विकणाऱ्यांकडून चढ्या भावाने घ्यावं लागतं. वॉरंटी नावाची गोष्ट विसरायची. नणंदेने आणलं ते रिंग फिट ॲडव्हेंचर. ऑक्टोबर २०१९ मध्ये बाजारात आलं, अमेरिकेत किंमत ऐंशी डॉलरच्या आसपास. पुढे काहीच महिन्यांत लॉकडाऊन लागले आणि जगभर दुकानांतून ते गायब झालं, अव्वाच्या सव्वा भावाने विकलं जाऊ लागलं.

गेमखेरीज खोक्यात दोनच वस्तू निघतात. एक लवचीक कडं, मोठ्या ताटाएवढं, दोन बाजूंना मऊ मुठी असलेलं. दुसरा मांडीला बांधायचा पट्टा. स्विचला जे दोन छोटे रिमोट असतात, जॉयकॉन, त्यातला उजवा कड्यात सरकवायचा आणि डावा पट्ट्याच्या खिशात घालून डाव्या मांडीवर बांधायचा. कडं किती दाबलं, किती ताणलं हे कड्यातला सेन्सर मोजतो. मांडी किती उचलली, किती वाकवली हे मांडीवरचा जॉयकॉन सांगतो. टीव्हीवर कॅमेरा वगैरे काही नाही. सुरुवातीला खेळ वय, वजन, व्यायामाची सवय विचारतो, मग जोर लावून कडं दाबायला आणि ताणायला लावतो आणि त्यावरून तुमची पातळी ठरवतो. ती पुढे १ ते ३० मध्ये कमीजास्त करता येते.

दुसऱ्या दिवशी केर काढायला आलेल्या मावशींनी सोफ्यावरचं कडं उचलून विचारलं, "ताई, हे कुठल्या गाडीचं चाक?"

खेळ असा आहे. ड्रॅगॉ नावाचा एक पिळदार ड्रॅगन आहे, ज्याला आपल्या दंडांचा फार अभिमान. तो मोकाट सुटलाय, त्याला गाठायचं. गाठायला जायचं म्हणजे हॉलमध्ये जागच्या जागी धावायचं. तुम्ही धावलात की पडद्यावरचं माणूस धावतं, थांबलात की थांबतं. जिने आले की गुडघे वर उचलायचे. कडं दाबलं की हवेचा झोत सुटतो आणि खोकी फुटतात, ताणलं की नाणी ओढली जातात, जमिनीकडे धरून दाबलं की उडी. वाटेत राक्षस भेटतात. गंमत म्हणजे त्यांची तोंडं जिममधल्या सामानासारखी आहेत. एक केटलबेलच्या आकाराचा, एक योगा मॅटसारखा चपटा. राक्षस समोर आला की यादीतला एक व्यायाम निवडायचा. बैठका, कडं डोक्यावर धरून दाबणं, मांड्यांमध्ये धरून दाबणं, धनुष्य ओढल्यासारखं ताणणं. प्रत्येक आवर्तनाला राक्षसाची थोडी ताकद कमी होते. मग तो उलटा हल्ला करतो, तेव्हा कडं पोटावर टेकवून दाबून धरायचं, नाहीतर तुमची ताकद जाते. म्हणजे विश्रांती अशी नाहीच. आणि पातळी जिंकल्यावर जल्लोष करायचा तो कसा, तर कडं हातात धरून खाली बसायचं आणि उठत वर उंचवायचं. जिंकल्याची बक्षिसी म्हणून आणखी एक बैठक. जपानी माणसाची विनोदबुद्धी मला इथे पटली.

आता बैठकेचा कारभार जरा जवळून सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. पहिल्यांदा बैठक निवडली की खेळ आधी विचारतो, तुम्हाला कुठवर खाली जाता येतं ते दाखवा. मी गेले. तेवढी माझी खूण ठरली. मग लढाईत प्रत्येक वेळी तिथपर्यंत गेलंच पाहिजे, आणि तळाला पोचल्यावर क्षणभर थांबायचं, मग उठायचं. अर्ध्यातून उठलं तर वार फुसका. जिममध्ये मी ज्या बैठका मारायचे त्या निम्म्याच असायच्या, ट्रेनर पलीकडे गेला की चौथाई. इथे ट्रेनर मांडीला बांधलेला. त्याचं लक्ष दुसरीकडे जात नाही, तो फोनवर बोलत नाही. बरं, तो ओरडतही नाही. उलट खेळात एक बोलकं कडं आहे, ते सारखं कौतुक करतं, अगदी घामाचंसुद्धा कौतुक करतं. पण वार फुसका तो फुसकाच.

सत्र संपलं की तो आकडे दाखवतो, किती वेळ व्यायाम, किती कॅलरी, किती अंतर. उजव्या जॉयकॉनच्या बुडाशी अवरक्त कॅमेरा असतो, त्यावर अंगठा दाबून ठेवला की नाडीही मोजतो. पहिल्या संध्याकाळी घड्याळाप्रमाणे मी पाऊण तास घामाघूम झाले होते आणि पडद्यावर व्यायामाचा वेळ आला सतरा मिनिटं. मला वाटलं यंत्र बिघडलं. मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, तू हललीस तेवढाच वेळ तो मोजतो. मेनू बघत उभी होतीस, पाणी प्यायलीस, ते धरत नाही." याआधी ज्याला मी 'तासभर व्यायाम' म्हणत आले त्यात किती मिनिटं हलण्याची होती याचा हिशेब मी केला नाही. बँकेत आयुष्य गेलंय, काही खाती उघडून बघायची नसतात हे कळतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, आणि दोन दिवस स्नायूंचा असं सांगितलंय. हे १५० माझ्या डोक्यात बसलं होतं आणि आता सतरा मिनिटांशी त्याची गाठ पडली. 'मध्यम' कशाला म्हणायचं याचा एक ढोबळ हिशेब आहे. २२० मधून वय वजा केलं की नाडीची कमाल मर्यादा येते, तिच्या ६४ ते ७६ टक्के म्हणजे मध्यम. माझं वय ४६, म्हणजे १७४, म्हणजे १११ ते १३२. मनगटावर घड्याळ लावून मी घरातला प्रत्येक खेळ तपासायला घेतला. ऑडिट म्हणा.

मुलाकडे निन्टेन्डो स्विच स्पोर्ट्स होतं, २०२२ मधलं. त्यात टेनिस, बॅडमिंटन, बोलिंग, तलवारबाजी वगैरे. बोलिंगला माझी नाडी नव्वदच्या पुढे जायला तयार नव्हती. टेनिसला मी खरीखुरी रॅकेट असल्यासारखी हॉलभर पळत होते तेव्हा ११५, आणि मग एकदा मुलगा सुट्टीत आला. तो सोफ्यावर आडवा पडून, एका हाताने चिवडा खात, दुसऱ्या हाताचं फक्त मनगट हलवून मला हरवत होता. रिमोटला काय कळतं, तो हलला एवढंच. पळायचं काम तर पडद्यावरचं माणूस आपोआप करतं. जस्ट डान्सचंही तेच. त्यात जॉयकॉन उजव्या हातात धरून पडद्यावरच्या नर्तकासारखं नाचायचं असतं, पण मोजला जातो तो तेवढा हात. माझ्या भाचीने बसून, पाय पोटाशी घेऊन, मला दुप्पट गुणांनी मागे टाकलं. ती म्हणते मी कमरेतून नाचते तेच चुकतं.

फसवेगिरीचा कळस आमच्या घरात त्याआधीच होऊन गेला होता. २०१६ मध्ये पोकेमॉन गोचं खूळ आलं तेव्हा मुलगा शाळेत होता. त्या खेळात अंडी मिळतात आणि ती उबवायला काही किलोमीटर चालावं लागतं, अंड्याप्रमाणे दोन, पाच, दहा. फोन घेऊन हा रिक्षातून निघाला. खेळ बनवणारे हुशार, वेग ताशी साधारण दहा किलोमीटरच्या वर गेला की अंतर धरतच नाहीत. पण त्यांनी संध्याकाळचा कर्वे रस्ता पाहिलेला नसावा. अंडी उबली.

तर माझ्या ऑडिटचा निष्कर्ष असा निघाला की खेळ किती मजेदार आहे याला व्यायामाच्या दृष्टीने फार अर्थ नाही. तुमचं किती अंग त्याला दिसतं यावर सगळं आहे. फक्त मनगट दिसत असेल तर चार दिवसांत तुम्ही मनगटानेच खेळणार, मुद्दाम नाही, शरीर आपोआप कमी कष्टाची वाट शोधतं. १९९८ मध्ये जपानच्या आर्केडमध्ये डान्स डान्स रेव्होल्यूशन आलं. बाणांवर पाय आपटायचे, गाण्याच्या ठेक्यावर. मॉलच्या गेम झोनमध्ये अजूनही त्या धर्तीची मशीन दिसतात, त्यावर पोरं घामाने निथळत असतात. तिथे पाय आपटल्याशिवाय गुण नाहीत, म्हणून. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी कायनेक्ट काढलं तेव्हा तर हातात काही धरायचंच नव्हतं, कॅमेरा अख्खं शरीर बघायचा. कल्पना उत्तम, पण एका माणसाला टीव्हीपासून सहा फूट आणि दोघांना आठ फूट मागे उभं राहावं लागे. आपल्या वन रूम किचनमध्ये टीव्हीपासून सहा फूट मागे गेलं की माणूस गॅसच्या ओट्याला टेकतो. २०१७ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं.

रिंग फिटला मांडी आणि दोन्ही हात दिसतात. फसवायला जागा तिथेही आहे. सेन्सर फक्त डाव्या मांडीवर असल्याने उजवा पाय टेकलेला ठेवून डावा नुसता हलवला तरी पडद्यावरचं माणूस धावतं. मी करून पाहिलं. पण लंगडी घातल्यासारखं ते नाचणं धावण्यापेक्षा जास्त दमवतं. बैठकेत मात्र फसवाफसवी चालत नाही. बैठकांच्या लढाईत माझं घड्याळ १३५, कधी १४० दाखवतं.

पण ज्याला जेवढं दिसतं त्याला तेवढंच कळतं, हे उलट बाजूनेही खरं आहे, आणि ते मला फिजिओथेरपिस्टने दाखवलं. उजवा गुडघा कुरकुरायला लागला म्हणून गेले होते. तिने मला म्हटलं, मारून दाखवा बैठक. मी मोठ्या अभिमानाने मारली. ती म्हणाली, "काकू, तुमचे गुडघे आत वळताहेत आणि टाचा उचलताय." खेळ तर मला दर वेळी शाबासकी देत होता! मांडीचा कोन बरोबर होता ना, मग त्याच्या लेखी सगळं बरोबर. गुडघे आत वळले, पाठ वाकली, टाच उचलली, यातलं काहीही त्याला दिसत नाही. तिने माझ्यामागे एक स्टूल ठेवलं आणि सांगितलं, खाली नका जाऊ, मागे जा, स्टुलावर बसायला निघाल्यासारखं, आणि बूड टेकलं न टेकलं की उठा. गुडघे पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत. आता हॉलमध्ये खेळताना मागे स्टूल असतं आणि समोरच्या शोकेसच्या काचेत मी स्वतःचे गुडघे बघत असते. आधी जेवढी खाली जायचे तेवढी जात नाही, म्हणून ती सुरुवातीची खूण परत वर करून घेतली. गुडघा गप्प बसला. ज्यांचे गुडघे-कंबर आधीपासून दुखतात त्यांनी या खेळाच्या शाबासकीवर जाऊ नये, कोणाला तरी प्रत्यक्ष दाखवून घ्यावं.

अंगदुखीचं म्हणाल तर ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असते. काउंटरवरून उठताना मी टेबलाला हात लावून उठत होते आणि शिपाई विचारत होता, मॅडम, पडलात का. ड्रॅगनशी भांडण झालं हे कसं सांगणार.

मग शेजार. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. खालच्या काकूंचा दुसऱ्याच दिवशी फोन, "अगं, वर काय कांडप बसवलंय का?" खेळात यासाठी आवाज न करता खेळायची सोय आहे. धावायच्या ऐवजी उभ्या जागी गुडघे थोडे वाकवून सरळ करायचे. पाय जमिनीवरून उचलतच नाहीत. वाटतं सोपं असेल, पण दहा मिनिटं तसं करून बघा, धावणं परवडलं म्हणाल. तेव्हापासून मी तसंच खेळते, खाली जाड सतरंजी, त्यावर रबरी मॅट. नुसती मॅट गुळगुळीत फरशीवर सरकते. आणि अनवाणीच. मोजे घालून कोणी उभं राहू नये.

पंख्याचं सांगायचं राहिलं. आपल्याकडे हॉलच्या छताला पंखा असतो, आणि खेळायला उभं राहायचं ते नेमकं त्याच्याखाली. माझी उंची पाच फूट दोन इंच, कडं डोक्यावर धरून हात सरळ केले तरी चालतं. नवऱ्याची पाच अकरा. त्याने जिंकल्याच्या जल्लोषात कडं उंचावलं आणि पंख्याच्या पात्याचा टवका गेला. कड्याला ओरखडा. आता तो खेळतो तेव्हा पंखा बंद, टेबलफॅन चालू. मुलाच्या मित्राचा क्वेस्ट हेडसेट लावून बीट सेबर खेळून पाहिलं तेव्हा तर मी पंख्याखाली उभीच राहिले नाही. डोळ्यांवर तो डबा चढवला की समोरून लाल-निळे ठोकळे येतात, डाव्या हातातल्या लाल तलवारीने लाल आणि उजव्या हातातल्या निळीने निळे कापायचे, गाण्याच्या तालावर. मधूनच भिंत येते, तिच्याखालून वाकायचं. हातांना आणि खांद्यांना चांगलंच काम आहे, अवघड पातळीवर दमही लागतो. जमिनीवर सीमारेषा आखून घेता येते, बाहेर जाऊ लागलात तर डोळ्यांसमोर जाळी उभी राहते. पण ती सीमा जमिनीची. डोक्यावरच्या पंख्याची तिला खबर नाही. शिवाय ती फोमची गादी दुसऱ्याच्या घामाने ओली असते. मला नाही जमलं. तरुण पोरांना लखलाभ.

सासूबाईंनी पहिले काही दिवस हा सगळा प्रकार सोफ्यावर बसून, स्वेटर विणता विणता पाहिला. त्या औंधच्या. सातारा जिल्ह्यातलं औंध, जिथे भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कार सुरू केले. आईंच्या लहानपणी संस्थान विलीन झालं होतं, नमस्कार मात्र शाळेत रोज होते. खेळात योगाचे काही प्रकार आहेत, हिरव्या रंगाच्या गटात. एके दिवशी मी पाय फाकवून, हात ताणून उभी होते तर आई म्हणाल्या, "अगं, हे वीरभद्रासन आहे. मागचा पाय वाकवू नकोस." पुढच्या आसनाला, "हे उत्कटासन. हा ड्रॅगन कुठल्या वर्गाला जातो?" मग जरा थांबून, "आम्हाला कोणी ड्रॅगन दाखवला नाही. छडी दाखवली."

त्यांना कडं आवडलं. मांडी घालून बसायचं आणि टीव्हीवरची मालिका बघत बघत दाबायचं. यात एक सोय अशी आहे की यंत्र बंद असतानाही नुसतं कडं दाबत राहिलं तर ते आकडा लक्षात ठेवतं, ५०० पर्यंत, आणि नंतर तुम्ही खेळ सुरू केला की त्याचे गुण मिळतात. मालिकेच्या एका भागात आईंचं दाबून होतं. गुण माझ्या खात्यात. माझी पातळी जरा वेगाने वर चढतेय हे मुलाच्या लक्षात आलं तेव्हा त्याने विचारलं आणि मग घरात वाद झाला की हे खेळाच्या नियमात बसतं का. आई म्हणाल्या, "सुनेला मदत करायची नाही तर कोणाला करायची?" एवढ्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यांचा खरा खेळ मात्र बोलिंग. ज्याला मी ऑडिटमध्ये नापास केलं तोच. त्यांना गुडघ्यामुळे बैठका शक्य नाहीत. पहिल्यांदा खुर्चीत बसून खेळल्या. बटण दाबून धरायचं, हात मागे नेऊन पुढे आणायचा आणि बटण सोडायचं, ही सांगड बोटांच्या संधिवातामुळे जमेना. बटण आधीच सुटायचं आणि चेंडू शेजारच्या गल्लीत. मनगटाचा पट्टा मी आधी घट्ट करून घेतला होता, कारण २००६ मध्ये वी आलं तेव्हा लोकांच्या हातून रिमोट निसटून टीव्हीवर आपटायचे आणि कंपनीला पट्टे बदलून द्यावे लागले होते. आईंचा रिमोट निसटला नाही. हळूहळू जमलं. मग म्हणाल्या, ही तर लगोरी आहे, फक्त दगडांच्या जागी बाटल्या. आणि लगोरी खुर्चीत बसून कोणी खेळत नाही म्हणून उठून उभ्या राहिल्या. आता डावा हात स्टुलावर टेकवून, एक पाय पुढे टाकून चेंडू सोडतात. पंचाहत्तरीच्या बाईसाठी हे उभं राहणं, पुढे झुकणं, तोल सावरणं आणि परत मागे येणं हाच व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांत ६५ च्या पुढच्यांसाठी तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस करायला सांगितलेत. म्हणजे माझं नव्वदच्या नाडीचं ऑडिट त्यांना लागूच नव्हतं. नात ऑस्ट्रेलियातून त्यांच्याशी खेळते, वेळ ठरवून. नेम चुकला की दोघी एकमेकींना शिव्या देतात. सभ्य.

आता फरक काय पडला ते सांगते, कारण शेवटी सगळे तेच विचारतात. वजन नाममात्र उतरलं. नंतरच्या तपासणीत साखर ५.८ आली, पण त्या काळात चारच्या चहाबरोबरची बिस्किटंही बंद होती, त्यामुळे डॉक्टरांनी श्रेय बिस्किटांना दिलं. रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं पार्किंगमध्ये चालायला लावलंय ते वेगळंच, कारण खेळ संध्याकाळी होतो आणि जेवण नंतर. हरतालिकेला जमिनीवर बसून उठताना हात टेकावा लागला नाही, ते माझ्या लक्षात आलं. कड्याचा जोर मात्र मर्यादित आहे. काही महिन्यांनी हात सरावतात, मग पातळी कितीही वाढवली तरी आवर्तनं वाढतात, भार वाढत नाही. त्या फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून दोन-दोन किलोचे डंबेल आणलेत. ते मला अजिबात आवडत नाहीत. त्यात ड्रॅगन नाही.

आणि खेळ जुना होतो. या खेळात एकूण तेवीस जगं आहेत, कुठेतरी अधेमधे ड्रॅगॉचं तेच ते दंड दाखवणं कंटाळवाणं होतं. तेव्हा मी नुसत्या ठेक्यावर दाबायचा-ताणायचा प्रकार खेळते, तो मार्च २०२० मध्ये फुकट वाढवून दिलेला आहे. तोही कंटाळा आला की दोन-चार दिवस सुट्टी. आई हजेरी घेतात, कारण मी खेळले नाही तर त्यांनी दाबलेले पाचशे तसेच पडून राहतात.

नाशिकच्या बहिणीला आता हेच घ्यायचंय. तिने किंमत विचारली, कुठे मिळेल विचारलं, शिकायला अवघड आहे का विचारलं. मी तिला आधी हॉलच्या पंख्याची उंची मोजून कळवायला सांगितलंय. भावोजी सहा फूट आहेत.